दोन मोरांचा ठोकळा

सखाकाका,

तुमच्या शोकसभेत एक खोटी गोष्ट सांगितली गेली. सांगणाऱ्याला ती खरी वाटत होती, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागे कागदाच्या थप्पीला टेकून बसले होते. मीही मान हलवली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

संपादकसाहेब म्हणाले, "सखारामनं वीस वर्षं माझ्या छापखान्यात खिळे जुळवले. एवढ्या वर्षांत मजकुराचा एक काना त्यानं इकडचा तिकडे केला नाही. जे हातात दिलं ते जुळवलं. असा आज्ञाधारक कंपोझिटर मला पुन्हा मिळायचा नाही."

मग इतर बोलले. तुम्ही पहाटे उठायचात, गणपतीत आरतीला पहिले हजर असायचात, गावी भावाच्या मुलांना विसरला नाहीत. सगळं खरं. पण दीड तासात 'शलाका'चं नाव एकदाही निघालं नाही. एखाद्याला तपकिरीची सवय असली तर मेल्यावर कोणी ती काढत नाही, तसं. जणू नऊ वर्षं दर महिन्याला एका अवकाशयानाच्या गोष्टीची वाट बघणं ही तुमची एक खोड होती, आणि गेलेल्या माणसाची खोड झाकायची असते.

सभा संपल्यावर जिन्यापाशी संपादकसाहेबांनी मला थांबवलं. "तू हॉस्पिटलात त्याच्याकडे जायचीस ना? 'शलाका'तल्या इंदूचं ते एक पान आपल्याला सापडत नाहीये. लेखकाच्या हातचं. त्यानं तुझ्याकडे काही दिलं होतं का?"

मी म्हटलं, "बघते."

मला नाही म्हणता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. तुम्ही म्हणायचात, "मिसबाय, तू 'बघतंय' म्हणालीस की माका कळता, तुका नको हा." कळायचं ते फक्त तुम्हाला. संपादकसाहेब माझ्या 'बघते'ची वाट बघत बसले आहेत. आपल्या वाचन मंडळाचा हस्तलिखित अंक त्यांच्याकडे वाचायला जातोच. तेव्हा माझं उत्तर मी यात लिहिते आहे. हा अंक छापायला जायचा नाही, म्हणजे यातला एखादा परिच्छेद वाटेत गळण्याची भीतीही नाही. हे वाचून तुम्ही हसला असता.

मी पहिल्यांदा खाली तुमच्याकडे आले ती वडिलांनी पाठवलं म्हणून. त्यांच्या ऑफिसच्या मंडळाचा अहवाल छापायला होता आणि त्याचं प्रूफ आणायचं होतं. आमची खोली छापखान्याच्या बरोबर वर. ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, सुरू झालं की आमच्या फडताळातले पेले किणकिणायचे. मी नऊ वर्षांची होते, शाळेत फक्त इंग्रजी बोलायचं, मराठी बोललं तर दंड, आणि वाडीतली मुलं मला मडमीण म्हणायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं.

तुम्ही विचारलं, "मिस, तुका मराठी वाचूक येता?"

मी हो म्हणून मान हलवली. येत नव्हतं. अडखळत, बोट ठेवून यायचं.

तुम्ही एक खिळा माझ्या तळहातावर ठेवलात. शिशाचा, थंड, अंगठ्याच्या नखाएवढा. टोकावर उलटं अक्षर होतं. "ह्या काय?" मी आईचा लहान आरसा आणते म्हटलं, तर म्हणालात, "आरसो नको. आरशातून वाचणारा आयुष्यभर आरसो शोधता. डोळ्याक सवय लाव."

तर काका, मी मराठी आधी उलटी शिकले. 'म' कोणत्या बाजूनं वळतो हे मला पाटीवर नाही, तुमच्या स्टिकमध्ये कळलं. ती लोखंडी पट्टी डाव्या हातात, उजवा हात न बघता खणाखणांतून फिरणारा. मी शेजारी रिकाम्या खोक्यावर बसून एकेक ओळ वाचायची. पहिली पूर्ण ओळ जी मी न अडखळता वाचली ती 'शलाका'च्या दुसऱ्या भागातली होती: इंदूने घड्याळाकडे पाहिले व काही बोलली नाही.

काही न बोलणारी बाई गोष्टीत असू शकते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

संपादकसाहेबांच्या मासिकातल्या त्या क्रमशः गोष्टीत 'शलाका' हे यान, आणि त्यावर अकरा माणसं. कॅप्टन दळवी, त्यांचा रागीट डॉक्टर, खानावळ सांभाळणारा तो गोवेकर, आणि सुकाणूवर इंदू. यान एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचं आणि दर भाग अशा ठिकाणी थांबायचा की महिना काढणं कठीण व्हावं. लेखक कुठल्याशा दूरच्या गावी शाळेत गणित शिकवायचे. त्यांना आपल्यापैकी कोणीच कधी पाहिलं नाही. हस्तलिखित टपालानं यायचं, जांभळ्या शाईत. तुम्ही ते उलगडायच्या आधी हात धुवायचात. खिळे जुळवून झाले की हात धुतात, आधी नाही. तुम्ही 'शलाका'साठी आधी धुवायचात.

मला शाळेत कोणी विचारलं की काय वाचतेस, तर मी सांगायची नाही. इंग्रजी वाचनाच्या पुस्तकाला जे खाकी कव्हर होतं तेच मासिकाला घालून मी नेत असे. वडिलांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, हसले. "एवढी फी भरतो, आणि ही काय वाचते तर मराठीतल्या विमानाच्या गोष्टी. त्याही कंपोझिटरच्या मांडीला मांडी लावून." आई म्हणाली, "ती वाचतेय ना? वाचू दे." एवढंच, पण मला ते पुरलं.

तुम्ही मात्र कोणापासून लपवत नव्हता. अंक निघाला की रविवारी सकाळी छापखान्याच्या पायरीवर वाचन. वाडीतले म्हातारे मास्तर वाचायचे, आपण ऐकायचो, आणि सगळं आधीच पाठ असून तुम्ही दर वेळी "मग?" म्हणायचात. वाचन झालं की तुमची भांडणं. तुमचे वडील मालवणला होडी हाकायचे, त्यामुळे सुकाणूबद्दल कोणी काही लिहिलं की तुम्हाला राहवायचं नाही.

"ह्या मास्तराक गणित येता, दर्या येणा नाय," तुम्ही लेखकाबद्दल म्हणायचात. "सुकाणू असो एका हातान वळता काय?"

मास्तर म्हणायचे, "अहो, तिथे पाणी नाही. अवकाश आहे. तिथे सुकाणू कसलंही असेल."

"पाणी नसूदे. बसलेला माणूस तर आसा ना?"

वाडीतले लोक पायरीवरून जाता जाता टोमणे मारत. ज्या वर्षी रशियानं आकाशात उपग्रह सोडला आणि सगळं गिरगाव संध्याकाळी गच्चीवर मान वर करून उभं राहिलं, तेव्हा तेच लोक तुमच्याकडे विचारायला आले, हा वर राहतो कसा, पडत का नाही. तुम्ही स्टिकमधून मान वर न करता म्हणालात, "आता इलात? आमचा यान कधीच सातव्या ग्रहावर गेला. रांगेत बसा."

तो दिवस माझा फार आवडता आहे.

आता उपग्रहाच्याही आधीच्या त्या आठवड्याबद्दल लिहायला हवं. मी तेरा वर्षांची होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे चालले होते आणि त्या दिवसांत छापखान्यात दुसरं काम जवळजवळ नव्हतंच. पत्रकं, पत्रकं आणि पत्रकं. 'ष्ट्र' हा खिळा इतका लागायचा की झिजून त्याची कड गेली होती, आणि तुम्ही तो खण शेवटी कुलूप लावल्यासारखा जपायला लागलात. मग तीन-चार दिवस शहर बंद. गोळीबार झाला. आईनं खिडक्या लावून घेतल्या. संपादकसाहेब दादरला राहायचे, त्यांना येता येईना. छापखान्यात तुम्ही, कारण तुम्ही राहायचातच तिथे, आणि ट्रेडल चालवणारा नारायण, कारण तो वाडीतलाच.

नारायण बघायला म्हणून वाडीच्या तोंडाशी गेला आणि परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर काळ्या चौकटीतलं पत्रक लागलं होतं. नारायणाचं नाव, वय, आणि खाली वाडीचं नाव. ते तुम्ही जुळवलंत आणि ट्रेडल तुम्हीच एकट्यानं पायानं मारलंत. वरती आमचे पेले किणकिणत होते. आई म्हणाली, "आज कसलं छापतायत हे?" आणि मग तिलाच समजलं.

त्यानंतर मासिकाचा अंक निघायचा होता. तो टपालात टाकण्याची तारीख ठरलेली असते. ती तुम्ही चुकवली नाहीत. अंक निघाला, रविवारी पायरीवर आपण तिघंच जमलो, आणि मास्तरांनी 'शलाका' वाचली. यान धूमकेतूच्या शेपटीत सापडतं, सगळे बेशुद्ध होतात, एकटी इंदू सुकाणूवर असते. तिथे भाग संपला. मास्तर म्हणाले, "वा. महिनाभर जीव टांगणीला."

तुम्ही त्या दिवशी "मग?" म्हणाला नाहीत. तेव्हा मला वाटलं, नारायणामुळे.

पुढच्या महिन्यात लेखकाचं पत्र आलं आणि संपादकसाहेबांचा आवाज वाढला. मी पायरीवर होते. त्यांनी विचारलं, "सखाराम, इंदूच्या मरणाचा परिच्छेद कुठे गेला? शेवटचा. लेखक विचारतायत. तो छापलाच नाही."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "जागा नाय होती. मजकूर जास्त झालो. तुम्ही नव्हतात, विचारूचा कोणाक? पान बंद करूचा होता."

"आणि हस्तलिखिताचं पान?"

"त्या गडबडीत खंय गेला माका म्हायत नाय."

संपादकसाहेबांनी पत्राची घडी केली. मग म्हणाले, "असो. तो आठवडाच तसा होता." ते भले गृहस्थ आहेत. मला त्यांच्याविषयी वाईट लिहायचं नाही. लेखकही भले. त्यांनी उलट टपाली लिहिलं की इंदू मेली नाही असं आता वाचकांनी वाचलं आहे, तर राहू दे तिला. पुढच्या भागात इंदूनं एकटीनं यान बाहेर काढलं. त्यानंतर ती सुकाणूवरून उठली नाही. चौथं वर्ष संपलं, पाचवं लागलं, आणि ती होती.

मी मात्र त्या दुपारी वर जाऊन तो अंक पुन्हा काढला. मला बडबडायला येत नाही, पण बघायला येतं. शेवटच्या पानावर गोष्ट संपल्यावर खाली चित्राचा एक ठोकळा छापला होता. समोरासमोर मान वळवलेले दोन मोर, मध्ये कलश. तो ठोकळा लग्नपत्रिकांचा होता. मासिकात तो कधी वापरला नव्हता. आणि तो छोटा नव्हता. मी आईच्या शिवणाचा दोरा लावून मोजलं. मोर काढले असते तर तिथे आठ ओळी आल्या असत्या.

मी खाली आले. "सखाकाका, हे मोर कशाला?"

"पान उघडा दिसत होता."

"म्हणजे जागा होती."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खणांकडे. "चाय पी," म्हणालात.

हे आपलं भांडण पुढची पाच वर्षं चाललं, आणि आपल्या दोघांखेरीज कोणाला ते माहीत नव्हतं. दर दोन-चार महिन्यांनी मी विचारायची. तुम्ही दर वेळी नवं उत्तर द्यायचात. एकदा म्हणालात, शेवटचा परिच्छेद वाईट लिहिला होता. एकदा म्हणालात, लेखकाला होडी कळत नाही, सुकाणूवर बसलेला माणूस सगळ्यांच्या मागून मरतो, आधी नाही, त्यामुळे ती चूक होती आणि चूक दुरुस्त करणं हे कंपोझिटरचं कामच आहे. एकदा तर सांगितलंत की मोर तुम्हाला आवडतात. मी कॉलेजात जायला लागले तरी मी विचारत राहिले आणि तुम्ही चहा पाजत राहिलात.

मला ते उत्तर का हवं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. मी जन्मभर जे सांगितलं ते करत आले होते. इंग्रजी बोल म्हटलं, बोलले. खाली जाऊ नको म्हटलं तर दोन दिवस गेले नाही. मला जाणून घ्यायचं होतं की जे हातात दिलं ते जुळवणारा माणूस एखाद्या दिवशी हात थांबवू शकतो का. ठरवून. की तेही जागेअभावीच घडतं.

आणि शेवटच्या भेटीत मी तुमच्यावर रागावले.

परळच्या त्या हॉस्पिटलात तुमचा पलंग भिंतीच्या कडेला होता. खोकला आता छातीत बसला होता. शिसं, डॉक्टर म्हणाले, आणि बाकी बरंच. नवं राज्य येऊन चार महिने झाले होते. वॉर्डातले लोक अजून त्याबद्दल बोलत होते आणि तुम्ही त्यांना सांगत होता, "राज्य इला ता बरा झाला. 'ष्ट्र'चो खिळो आता नवीन घेऊक सांगा."

मी बातमी घेऊन आले होते. 'शलाका'चं पुस्तक निघणार. संपादकसाहेबांच्या मनात होतं की मूळ हस्तलिखिताप्रमाणे इंदूच्या मरणाशी पुस्तक संपवावं. शेवट जोरदार होईल. पुढचे भाग लांबलेच आहेत, त्यांचं पुस्तक कोण काढतो. लेखकानं कळवलं होतं, मी तिला दुसऱ्यांदा मारायला बसणार नाही. तेव्हाचं पान मिळालं तर छापा, नाही मिळालं तर जसं छापून आलं तसंच सगळं राहू द्या. म्हणजे सगळं त्या एका पानावर.

मी म्हटलं, "काका, आता तरी सांगा. जागा होती ना?"

"तुका काय वाटता?"

"मला वाटतं तुम्ही घाबरलात. त्या वेळी साहेबांना खरं सांगायला घाबरलात, आणि अजून घाबरताय."

शेजारच्या पलंगावरच्यानंही मान वळवली. मी इतकं मोठ्यानं कधी कोणाशी बोलले नव्हते. तुम्ही हसलात, त्यानं खोकला आला, नर्सनं मला बाजूला केलं. खोकला थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "बरा बोलतंस की गो."

मी रागातच निघाले. रविवारी पुन्हा येईन असं ठरवून. शुक्रवारी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर तुमचा पुतण्या ट्रंक न्यायला आला तेव्हा त्यानं मला एक गुंडाळी दिली. वर्तमानपत्रात बांधलेली, वर एक चिठ्ठी डकवलेली. तीवर हातानं लिहिलेलं नव्हतं. तुम्ही ते जुळवून, शाई लावून, हाताच्या दाबानं उठवलं होतं: मिसबाय, वरचा मजला. कधी केलंत? हॉस्पिटलात जायच्या आधीच, म्हणजे मी तुम्हाला घाबरट म्हणायच्या कितीतरी आधी. गुंडाळीत तो मोरांचा अंक, आणि त्यात घडी केलेलं जांभळ्या शाईचं एक पान.

आपल्या वाचकांना माहीत नसेल, म्हणून सांगते. कंपोझिटर हस्तलिखितावर पेन्सिलीनं खुणा करत जातो. एवढं जुळवून झालं, इथपर्यंत आलो. जेवायला उठला तर परत येऊन खुणेपासून पुढे सुरू करतो. तुमची खूण म्हणजे शब्दावर एक छोटी तिरकी रेघ. त्या पानावर वरपासून ओळीओळीला तुमच्या रेघा आहेत. धूमकेतूवर आहेत, बेशुद्ध पडलेल्या दळवींवर आहेत. मग शेवटचा परिच्छेद सुरू होतो. त्याच्या पहिल्या ओळीवरही रेघा आहेत. दुसरी ओळ: 'इंदूने सुकाणूवरचा हात'. 'हात' या शब्दावर शेवटची रेघ आहे. ती इतर रेघांपेक्षा जाड आहे, पेन्सिल तिथेच थांबून राहिल्यासारखी. पुढे कोरं. म्हणजे पुढे मजकूर आहे, पण तुमची खूण नाही. हात काढला हे तुम्ही जुळवलंच नाहीत.

तर काका, जागेचा प्रश्न नव्हता. लेखनाचाही नव्हता. तुम्ही ती ओळ सुरू केलीत, अर्ध्यावर आलात, आणि त्याच खणांतल्या ज्या खिळ्यांनी त्या आठवड्यात नारायणाचं नाव जुळवलं होतं त्या खिळ्यांनी आणखी एक माणूस मारायला तुमचा हात वळेना. की वळत होता आणि तुम्ही वळू दिला नाहीत. मी दुसरं धरून चालले आहे. मग त्या परिच्छेदाची जुळवलेली दीड ओळ सोडवलीत, एकेक खिळा आपल्या खणात परत टाकलात, आणि रिकाम्या जागेवर लग्नाचे मोर बसवलेत. मी तुम्हाला घाबरलात म्हटलं. मला ते शब्द परत घ्यायचे आहेत आणि ते घ्यायला आता कोणी समोर नाही. तेव्हा इथे घेते, सगळ्यांसमोर. तुम्ही घाबरला नव्हता.

मी दोन दिवस विचार केला. पान गुपचूप ठेवून देणं सोपं होतं. सापडलं नाही म्हणायचं, पुस्तक जसं छापलं तसं निघालं असतं, आणि तुम्ही आज्ञाधारक राहिला असता. हे लिहिलं तर संपादकसाहेब म्हणतील, सखारामनं मला फसवलं. कोणी म्हणेल, कामगारानं लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नसतो, हा काय पायंडा. तेही खोटं नाही. तुमचं नाव खराब करायचा मला काय अधिकार, असंही मला वाटून गेलं. पण मग शोकसभेतलं ते वाक्य आठवलं. वीस वर्षांत एक काना इकडचा तिकडे नाही. काका, तुम्ही काना नाही, एक अख्खं मरण बाजूला केलंत. तुमच्याबद्दल सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे, आणि ती झाकून तुम्हाला चांगलं म्हणवून घ्यायला मी तयार नाही.

आणि ज्यांना वाटतं की एका विमानाच्या गोष्टीतली एक बाई जगली की मेली यानं काय फरक पडतो, त्यांना मी उत्तर देणार नाही. त्यांनी रांगेत बसावं. मी तेरा वर्षांची, दोन्ही भाषांत मुकी होते, आणि दर महिन्याला एक न बोलणारी बाई यान पुढे नेत होती. ती मेली असती तर मी कदाचित इंग्रजीच बोलत राहिले असते, चांगलं आणि हळू आवाजात. हा लेख मराठीत लिहिला आहे. तो तुमच्या पायरीवर शिकलेल्या मराठीत आहे, आणि तो लिहायला मला आरसा लागला नाही.

तर संपादकसाहेब, तुमच्या जिन्यावरच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवून.

नाही.

पान माझ्याकडे आहे. ते सुरक्षित आहे, ते फाडलेलं नाही, जाळणारही नाही. लेखकाला हवं असेल तर त्यांनी स्वतः यावं, मी दाखवीन, आणि पेन्सिलीच्या रेघाही दाखवीन. छापायला मात्र ते मिळणार नाही. पुस्तक सगळे भाग घेऊन काढा. नाही जमलं तर काढू नका, आम्ही अंक जपून ठेवले आहेत. मला बघते म्हणायचं नव्हतं. मी बघितलं आहे.

सखाकाका, रविवारी पायरीवर वाचन आहे. या महिन्यात 'शलाका' आठव्या ग्रहाकडे निघते आहे. मास्तरांचे डोळे गेलेत, तेव्हा वाचायचं माझ्याकडे आलं आहे. मोठ्यानं. कोणी "मग?" म्हणेल की नाही माहीत नाही, नाही म्हणालं तर मीच थांबून विचारीन. तुमची रेघ जिथे आहे तिथेच आहे. इंदूचा हात सुकाणूवर आहे.

मिसबाय
वरचा मजला